जर्मनमध्ये कपड्यांविषयी बोलायचे आहे? इंग्रजीचा वळसा टाळा

जर्मन शिकताना बरेच मराठी विद्यार्थी वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवतात आणि मग ते जर्मनमध्ये नेतात. कपड्यांच्या विषयात हा वळसा हमखास नडतो. इंग्रजीत कपड्याला लिंग नाही, रंगाचे रूप बदलत नाही आणि शर्टापासून चष्म्यापर्यंत सगळ्याला एकच क्रियापद चालते. मराठीत तसे नाही, जर्मनमध्येही नाही. म्हणून थेट मराठीवरून निघावे.

१. आधी चार उच्चार

‘त्स’ हा उच्चार आपल्या ‘चमचा’मधल्या च सारखा आहे, त्यामुळे ‘त्सू’ (फार, जास्त) म्हणायला अडचण येत नाही. स्वरापूर्वीचा ‘एस’ म्हणजे ‘रोज’मधला ज: होजे (पँट), ब्लूजे (ब्लाउज). शब्दाच्या शेवटचा ‘ए’ ताणू नका, ‘मोठं’, ‘काळं’ यांच्या शेवटासारखा हलका सोडा. खरा सराव लागतो तो म्युत्से (टोपी) आणि ग्युर्टेल (पट्टा) यांतल्या ‘यु’ला. जीभ ‘ई’ची ठेवून ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करावा. ‘म्यु’ असे दोन तुकडे पडले तर ओठ उशिरा गोल झाले असे समजा.

२. शब्द लिंगासकट पाठ करा

डेअर, डी, डास म्हणजे आपले तो, ती, ते. नुसते ‘हेम्ट’ पाठ करण्यात अर्थ नाही, ‘डास हेम्ट’ असेच डोक्यात बसायला हवे. सुरुवातीला दहा-बारा शब्द पुरतात:

तो: डेअर रॉक (स्कर्ट), डेअर मांटेल (लांब कोट), डेअर पुलोव्हर (स्वेटर), डेअर शू (बूट), डेअर ग्युर्टेल.
ती: डी होजे, डी याके (जाकीट), डी ब्लूजे, डी म्युत्से, डी जॉके (मोजा).
ते: डास हेम्ट (शर्ट), डास क्लाइट (ड्रेस), डास टी-शर्ट.

मराठीतले लिंग मात्र उचलून लावू नका. पँट आणि टोपी दोन्ही भाषांत ‘ती’, बूट दोन्हीकडे ‘तो’ हा योगायोग आहे. तो शर्ट तिकडे ‘ते’ होतो आणि तो मोजा ‘ती’. जे शब्द जुळत नाहीत त्यांची वेगळी यादी करा, चुका तिथेच होतात.

दोन शब्द फसवे आहेत. ‘स्लिप’ म्हणजे आतली चड्डी. ‘स्मोकिंग’ म्हणजे समारंभात घालायचा काळा औपचारिक सूट, त्याचा विडी-सिगारेटशी संबंध नाही. एकूण कपड्यांना पुस्तकात ‘क्लायडुंग’ म्हणतात, मित्रमंडळीत ‘क्लामॉटेन’.

३. नेसणे, घालणे, बांधणे

साडी नेसतात, शर्ट घालतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात. जर्मन माणूसही असाच भेद करतो. अंगात घालण्याला ‘आनत्सीएन’, टोपी किंवा चष्म्यासाठी ‘आउफ़जेत्सेन’, टायसाठी ‘उमबिंडेन’. ही क्रियापदे वाक्यात फुटतात आणि पहिला तुकडा शेवटी जातो: इश त्सीए डी याके आन (मी जाकीट घालतो). शेवटचा ‘आन’ विसरला तर ‘मी जाकीट ओढतो’ असा अर्थ उरतो.

कपडे अंगावर आहेत एवढेच सांगायचे असेल तर ‘ट्रागेन’ वापरा. बोलताना ‘आनहाबेन’ जास्त ऐकू येते: इश हाबे आइने याके आन.

‘उमत्सीएन’ जरा जपून. ‘इश हाबे मिश उमगेत्सोगेन’ म्हणजे कपडे बदलले. ‘इश बिन उमगेत्सोगेन’ म्हणजे घर बदलले.

४. रंग जोडा

काळा कोट, काळी पँट, काळे जाकीट: विशेषणाने नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणे आपल्याला नवीन नाही. ‘मी अमुक घालतो’ या वाक्यात जर्मन रूपे अशी होतात:

आइनेन श्वार्त्सेन रॉक (तो)
आइने श्वार्त्से होजे (ती)
आइन श्वार्त्सेस हेम्ट (ते)
श्वार्त्से शूए (अनेकवचन)

‘लाल’ आणि ‘गुलाबी’ जसे मराठीत कुठेही बदलत नाहीत, तसे तिकडे ‘रोजा’ (गुलाबी) आणि ‘लीला’ (जांभळा) बदलत नाहीत.

मराठीची मदत अपुरी पडते ती पहिल्या ओळीत. कर्म झाल्यावर फक्त पुल्लिंगी उपपद बदलते, डेअरचे डेन आणि आइनचे आइनेन होते. ‘तो’ गटातला प्रत्येक शब्द आठवडाभर ‘इश ट्रागे आइनेन...’ लावून मोठ्याने म्हणा. रोज सकाळी अंगावरचे तीन कपडे रंगासकट सांगितले तर महिन्याभरात ही रूपे तोंडात बसतात.

५. होतो, शोभतो, आवडतो

‘मला आवडतो’ या वाक्यात कर्ता कोट असतो, आपण नव्हे. जर्मनमध्येही तसेच. मला म्हणजे मीर, तुला म्हणजे डीर, आदराने ‘आपल्याला’ म्हणजे ईनेन.

डेअर मांटेल गेफ़ेल्ट मीर: कोट मला आवडला.
डेअर मांटेल पास्ट मीर: कोट मला होतो.
डेअर मांटेल श्टेट डीर: कोट तुला शोभतो.

‘पास्ट’ हे मापाविषयी, ‘श्टेट’ हे दिसण्याविषयी. दुकानात ‘पास्ट ईनेन’ म्हणाले तर ती तारीफ नव्हे, फक्त माप बरोबर आहे. एका कपड्यावर दुसरा जुळतो हे सांगताना ‘पास्ट त्सू’ म्हणतात: डेअर ग्युर्टेल पास्ट त्सू डेन शूएन.

६. माप आणि दुकान

बायकांच्या कपड्यांवरचा ३८ म्हणजे ३८ इंच नव्हे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, निम्मा करा, त्यातून ६ वजा करा: ८८ सेंटिमीटरला ३८. पुरुषांच्या कोटाला नुसता निम्मा, म्हणजे १०० ला ५०. पुरुषांच्या शर्टावर कॉलरचे सेंटिमीटर असतात, मुलांच्या कपड्यांवर उंचीचे: ११६ म्हणजे ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी. आपल्याकडच्या ८ नंबरच्या बुटाला साधारण ४२ मागावा. आकडे बोलताना पुन्हा मराठीच उपयोगी पडते. अडतीसमध्ये आठ आधी आणि तीस नंतर, तसेच ‘आख्टउंटड्रायसिश’.

विक्रेत्याशी ‘जी’ (आपण) वापरा. गरजेची वाक्ये एवढीच:

इश शाउए नूर: नुसते बघतोय.
कान इश डी होजे आनप्रोबीरेन?: ही पँट घालून बघू का?
जी इस्ट त्सू एंग: ती (पँट) फार घट्ट आहे, इथला ‘जी’ म्हणजे ‘ती’. (सैल असेल तर त्सू वाइट.)
आइने नुमर ग्र्योसर, बिट्टे: एक नंबर मोठी द्या.

घ्यायचे ठरले की लिंग पुन्हा समोर येते. कोटासाठी ‘इश नेमे ईन’, पँटसाठी ‘इश नेमे जी’, शर्टासाठी ‘इश नेमे एस’. मी तो घेतो, ती घेतो, ते घेतो, तसेच.

पैसे दिल्यावर ‘कासेनबॉन’ (पावती) जपून ठेवा. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. दुकानात घेतलेली चांगली वस्तू बदलून देणे दुकानदाराच्या मर्जीवर असते, म्हणून आधीच विचारा: कान इश डास उमटाउशेन? सवलतीच्या मालावर ‘फ़ॉम उमटाउश आउसगेश्लॉसेन’ अशी पाटी असेल तर तो माल बदलून मिळणार नाही. वस्तूत मुळातच दोष निघाला तर मात्र ही पाटी लागू होत नाही.