फवारणीची माहिती ‘हेक्टरी’ नको, ‘पंपाला’ लिहा

कीटकनाशकाचं माहितीपत्रक लिहिताय? मग आधी वापरणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा. ‘हेक्टरी ५०० मिली, ५०० लिटर पाण्यातून’ हे बरोबर असलं, तरी शिवारात हेक्टर कोण मोजतं? तिथे एकर, गुंठे आणि पाठीवरचा पंप चालतो. म्हणून हिशेब तुम्हीच करून द्या: १५ लिटरच्या हातपंपाला १५ मिली. ‘हातपंप’ हा शब्द गाळू नका. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, त्याचं प्रमाण वेगळं असतं, ते स्वतंत्र ओळीत लिहा. आणि ‘एक झाकण’ असं माप तर कधीच देऊ नका. प्रत्येक बाटलीचं झाकण निराळं.

दुसरी गोष्ट शब्दांची. बोलताना आपण सगळेच ‘औषध’ म्हणतो. औषध म्हटलं की थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही असं वाटतं. धोक्याच्या सूचनेत सरळ ‘विष’ लिहा. ‘त्वचेशी संपर्क टाळावा’ हे कोणी कोणाला सांगितलं तेच कळत नाही. ‘उघड्या हाताने ढवळू नका, काठी घ्या’ म्हटलं की हात आपोआप मागे येतो.

डब्यावरच्या त्रिकोणाचंही तेच. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो, पण हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ सहज घेतला जातो. त्याच्याखाली एवढं लिहाच: ‘हिरवा असला तरी विषच.’

छापण्याआधी मजकूर एखाद्या फवारणाऱ्याला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल, ते वाक्य बदला.