धडक देऊन गाडी पळाली तर : दोन लाखांच्या सरकारी भरपाईचा अर्ज

कुणाला तरी उडवून गाडी पळून जाते, नंबर कुणी पाहिलेला नसतो. मग ‘आता दावा लावायचा कुणावर?’ म्हणत घरचे गप्प बसतात. इथे दावा लावायचाच नसतो, तहसीलला अर्ज द्यायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालची केंद्राची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. त्याआधीच्या योजनेत हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. रक्कम ठरलेली असल्याने वय, पगार, चूक कुणाची यावर वाद होत नाही. वकील लागत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पहिल्या दिवशी लिहिल्या गेलेल्या एखाद्या ओळीमुळे. जखमीला दवाखान्यात आणणारा घाईत ‘गाडीवरून पडला’ म्हणतो, डॉक्टर केसपेपरवर तेच उतरवतात, आणि पुढे चौकशीत धडक झालीच नव्हती असा अर्थ त्यातून निघतो. धडक झाली असेल तर ‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ हे शब्द केसपेपरवर आलेच पाहिजेत. ज्याने पाहिले त्याचे नाव आणि मोबाइल तिथेच टिपून ठेवा. उपचाराच्या खर्चाची चिंता वेगळी : मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात कॅशलेस उपचार मिळतात, गाडी पळालेली असली तरी.

अर्ज अडण्याची दुसरी जागा पोलीस ठाण्याची. दवाखान्यात मृत्यू झाला की त्या हद्दीचे ठाणे अकस्मात मृत्यूची (ए.डी.) नोंद करते. तो ए.डी.चा कागद म्हणजे एफआयआर नव्हे. अपघात खेड तालुक्यात आणि मृत्यू पुण्यातल्या रुग्णालयात, असे झाले तर कागद अपघाताच्या हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग व्हावे लागतात. ते पोहोचले का आणि अज्ञात चालकावर गुन्हा नोंदला का, हे स्वतः जाऊन पाहा. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आणि मृत्यू असेल तर १०६(१) दिसायला हवे, गंभीर दुखापत असेल तर १२५(बी). नुसते १२५(ए), म्हणजे साध्या दुखापतीचे कलम, लावले असेल आणि एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसत असेल, तर दुखापतीचे प्रमाणपत्र देऊन कलम वाढवून घ्या. हाड मोडणे किंवा निखळणे ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे. खरचटणे, मुका मार यांना या योजनेत काही मिळत नाही.

‘ए समरी होऊ द्या, मग या’ असे सांगितले जाते. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही असा अहवाल, आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. त्यासाठी थांबायची गरज नाही. १२ जानेवारी २०२४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की महिन्याभरात गाडीचा तपशील मिळाला नाही तर ठाणे अंमलदाराने जखमीला किंवा वारसांना या भरपाईची लेखी माहिती द्यायची. पत्र आले नाही तर मागा.

अर्ज नमुना १ मध्ये, हमीपत्र नमुना ४ मध्ये. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यू दाखला (जखमी असल्यास दुखापतीचा अहवाल), उपचाराची बिले, जखमी वा मृताचा ओळख आणि पत्त्याचा पुरावा, अर्जदाराची ओळख, बँक पासबुकाची प्रत. एफआयआरमध्ये ‘अनोळखी इसम’ लिहिले असेल तर ओळख पटल्याचा जबाब जोडा. आधार आणि मृत्यू दाखल्यावरच्या नावात फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या.

अर्ज कुठे? जिथे अपघात झाला त्या तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या प्रांताधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे. राहत्या गावचे तहसील चालत नाही. टेबलावरून ‘आरटीओला जा’ असे उत्तर मिळाले तरी टपाल शाखेत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पुढची मुदत त्या शिक्क्यावरून मोजता येते : चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल एका महिन्यात, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी त्यानंतर १५ दिवसांत, आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून (विमा कंपन्यांच्या परिषदेकडून) खात्यावर पैसे आणखी १५ दिवसांत.

पासबुक मात्र नीट तपासा. पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांपलीकडे ठेवता येत नाही. दोन लाख अशा खात्यावर पाठवले तर ते अडकू शकतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोडही बदललेला असतो. शाखेतून नवा घेऊनच प्रत जोडा.

गाडी नंतर सापडली तर? मग रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, आणि कायद्यात त्याची मुदत अपघातापासून सहा महिने. तिथे भरपाई मिळाली की या योजनेची रक्कम परत करावी लागते. हमीपत्र त्यासाठीच असते. पण मोठी रक्कम तिथेच मिळण्यासारखी असते, तेव्हा टोल नाका, पेट्रोल पंप, ढाबा यांच्या कॅमेऱ्यांची चित्रफीत पुसली जाण्याआधी, पहिल्याच आठवड्यात, पोलिसांना लेखी मागायला सांगा.

मृताच्या बचत खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात होते का, हेही पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिचे २ लाख वेगळे मिळतात, दावा बँकेच्या शाखेत.

मुदत उलटली आणि तहसीलमधून हालचाल नाही, तर शिक्का असलेली प्रत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, फी नसते. याच योजनेच्या जिल्हा देखरेख समितीवर प्राधिकरणाचे सचिव, दावा चौकशी अधिकारी आणि उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या वरच्याच आदेशानुसार ही समिती दोन महिन्यांतून किमान एकदा बसते. तुमचे प्रकरण पुढच्या बैठकीत घ्यावे, अशी लेखी विनंती आवक क्रमांक टाकून करा.