तोडणीआधी जुन्या पिकअपची टाकी रिकामी करून पाहा

तोडणी पंधरा दिवसांवर आली असेल आणि आभाळ भरून येऊ लागले असेल, तर बाकीची कामे थोडी बाजूला ठेवून शेतावरच्या जुन्या पिकअपकडे आजच पाहावे. कार्बोरेटरवर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणारी ही गाडी मागच्या हंगामापासून अर्धवट भरलेल्या टाकीसह शेडमध्ये उभी असेल, तर तिच्या भरवशावर तोडणी ठरवू नये. पहाटे तोडलेला माल क्रेटमध्ये भरून ठेवला आहे, गाडी काही केल्या चालू होत नाही, आणि दुपारच्या सरीत भिजलेला माल दुसऱ्या दिवशी सडू लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. त्यांतल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन ठणठणीत होते. अडचण टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्याची आणि गंजाची होती.

अर्धी टाकी रिकामी असते म्हणजे ती हवेने भरलेली असते. दिवसा तापलेली ही हवा रात्री गार होते आणि तिच्यातील बाष्प टाकीच्या पत्र्यावर थेंब होऊन तळाशी उतरते, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर ते सुरुवातीला हे पाणी शोषून घेते, त्यामुळे मालकाला काहीच कळत नाही. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचे प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्यावर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन खाली बसतात, आणि टाकीतील नळी नेमकी तळातूनच ओढते. असे फुटलेले पेट्रोल वरून ताजे ओतून सुधारत नाही, ते काढूनच टाकावे लागते.

म्हणून पहिली तपासणी टाकीचीच करावी. गाडी उघड्यावर आणून, इंजिन पूर्ण गार झाल्यावर आणि बॅटरीची ऋण तार काढल्यावर टाकीच्या तळाच्या प्लगमधून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे व पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर, तांबूस गाळ किंवा गढूळपणा दिसला तर संपूर्ण टाकी रिकामी करावी. माझा आणखी एक अंदाज बहुधा खरा ठरतो: पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा आंबट वास येत असेल, तर कार्बोरेटरचे जेटही, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रेही, चिकटलेले असतात. तीन महिन्यांहून जुन्या पेट्रोलवर मी तोडणीच्या दिवशी विश्वास ठेवत नाही.

टाकी स्वच्छ निघाली तरच पुढे जावे. बॅटरीची तार परत जोडून स्पार्क प्लगवर ठिणगी येते की नाही हे आधी पाहून घ्यावे, कारण ठिणगीचा दोष पुष्कळदा इंधनाच्या माथी मारला जातो. मग एअर क्लीनर काढून, इंजिन बंद असताना, अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढावा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार पडते का ते पाहावे. धार पडत नसेल तर आधी फिल्टर बदलावा. तरीही फरक पडला नाही तर इग्निशन कॉइलची तार सोडून, कार्बोरेटरकडे येणारी नळी बाटलीत धरून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. चांगला यांत्रिक पंप ठोक्याठोक्याने जोरदार धार देतो. बहुतेक जुन्या पंपांचा दाब चार ते सहा पौंड प्रति चौरस इंच असतो, मात्र गाडीच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. धारेत बुडबुडे असतील तर टाकी आणि पंप यांच्यामधली रबरी नळी तडकलेली समजावी. ही नळी पेट्रोल गळू देत नाही, हवा आत ओढते, म्हणून बाहेरून कोरडी दिसते. इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीला (डिपस्टिकला) पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन अजिबात चालवू नये.

गाडी दहा-पंधरा मिनिटे नीट चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. उन्हात माल भरेपर्यंत उभी राहिलेली गाडी चालू होत नसेल, तर पेट्रोल नळीतच उकळलेले असू शकते. पंपावर ओले फडके ठेवून वीस मिनिटे थांबल्यास ती बहुतेक वेळा चालू होते.

या टप्प्यावर विक्रेता नवा कार्बोरेटर, विजेवरचा पंप किंवा जेट साफ करणारी महागडी बाटली पुढे करतो. तळात पाणी असताना यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. त्याच टाकीवर बसवलेला नवा कार्बोरेटरही काही दिवसांत गंजाने भरतो, हे पाहून मला फार वाईट वाटते, कारण तेवढ्या पैशांत शेतकऱ्याची दुसरी गरज भागली असती. फिल्टर, नळ्या, क्लिपा आणि गॅस्केटचा संच एवढ्यावर बहुतेक गाड्या मार्गी लागतात. नळ्या मात्र इथेनॉल सहन करणाऱ्याच घ्याव्यात.

टाकीत गंज असेल तर ती उतरवून पाच टक्क्यांच्या पांढऱ्या व्हिनेगरने भरावी, एक दिवस तशीच ठेवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळताच पेट्रोलने ओली करावी; उशीर केल्यास गंज लगेच परत धरतो. टाकीला डाग देण्याचे किंवा वेल्डिंग करण्याचे काम घरी कधीही करू नये, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते.

इतर नेहमीची कामे:
एअर क्लीनर साफ करणे.
इंजिन ऑइल पाहणे.
बॅटरीची टोके घासणे.
टायरची हवा पाहणे.
चोकची तार ओढून पाहणे.

हंगाम संपल्यावर मात्र टाकी अर्धी ठेवू नये. ताज्या पेट्रोलमध्ये लेबलवरील मात्रेनुसार स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे द्रव्य) घालावा, वर थोडी जागा सोडून टाकी भरावी आणि इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे हे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. हे जमत नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवावे.

यंदाच्या तोडणीसाठी सध्या एवढे करावे: दुरुस्तीनंतर क्रेटइतके वजन लादून गाडी चढावर तासभर चालवावी, परत आल्यावर फिल्टरमध्ये तांबूस कण दिसतात का ते पाहावे, आणि दिसले तर आणखी एक फिल्टर गाडीत ठेवूनच तोडणीचा दिवस ठरवावा.