कधी चढणारा, कधी न हलणारा काटा

सोलापुरात एप्रिलमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे माझ्या 17 वर्षे जुन्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा चढू लागला तेव्हा मी आधी दोष उन्हालाच दिला. परंतु पुणे महामार्गावर तासभर धावूनही काटा मध्यावरच राहत असे आणि नवी पेठेतल्या गर्दीत मात्र तो कधी लाल पट्टीला टेकत असे, तर कधी मुळीच हलत नसे. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो, संथ गतीत ते काम पंख्याला करावे लागते. म्हणून संशय पंख्यावर गेला. (थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप, आधीच बदलून झाला होता, तो खर्च वाया गेला.)

इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडून पाहिले, कूलंट, म्हणजे ते गार ठेवणारे द्रव, भरलेले होते. मग थर्मो स्विचचा (कूलंट तापले की पंखा चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढून, इग्निशन चालू ठेवून, कनेक्टरची दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडली, तेव्हा पंखा तत्काळ फिरला. म्हणजे मोटर, फ्यूज आणि रिले ठीक होते. कनेक्टर उलटा केल्यावर एका पिनेवर हिरवट, भुरभुरीत थर दिसला. तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढला आणि स्विचही नवा बसवला. त्यानंतर गाडी 15 मिनिटे जागेवरच चालू ठेवली. पंखा 3 वेळा आपोआप लागला आणि बंद झाला.