बाळ भारतात जन्मलं आणि आईबाबा अमेरिकन सिटिझन : कागदपत्रं करताना या चुका टाळा

पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं हे माझ्या मनात आधीपासून पक्कं होतं, त्यामुळे सातव्या महिन्यात न्यू जर्सीहून मी आईकडे आले, नवरा ड्यू डेटच्या आठवडाभर आधी आला, सगळं नीट झालं. आम्हा दोघांकडे अमेरिकन पासपोर्ट, म्हणजे लेकही अमेरिकन, कागदांचं काय ते बघू महिन्याभरात, असं धरून चाललो होतो. ती अमेरिकन होती हे खरंच, पण ते सिद्ध करायला जे कागद लागले त्यातले निम्मे तरी आमच्याच हातून चुकीचे भरले गेले होते आणि नवऱ्याची सुट्टी संपून तो परत गेला तरी आम्ही मायलेकी इथेच. त्यानंतर ओळखीतल्या चारपाच जणींना मी यात मदत केलीये आणि प्रत्येक वेळी त्याच त्याच ठिकाणी गाडी अडते, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अमेरिकेचं कॉन्सुलेट, म्हणजे इथली वकिलात, तुमच्या बाळाला सिटिझनशिप देत नाही. बाळ जन्मलं त्या क्षणी आईवडील कोण होते, त्यातलं कोण अमेरिकेत किती राहिलं होतं, यावरून ते कायद्याने ठरून गेलेलं असतं. कॉन्सुलेट फक्त तपासतं आणि पटलं की कॉन्सुलर रिपोर्ट ऑफ बर्थ अब्रॉड देतं, म्हणजे परदेशात जन्मलेलं बाळ अमेरिकन असल्याचा दाखला, ज्याला सगळे सीआरबीए म्हणतात. म्हणजे तुमचं काम विनंती करायचं नाही, पुरावा द्यायचं आहे. हे एकदा कळलं की कुठला कागद का मागतात ते आपोआप कळायला लागतं.

पहिली अडचण घरचीच : जन्मदाखला

आपल्याकडे बारसं होईपर्यंत नाव ठरत नाही. हॉस्पिटलचा फॉर्म मात्र दुसऱ्यातिसऱ्या दिवशीच भरून घेतात आणि मग दाखला येतो त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा. भारतीय कायद्याने यात काही चूक नाही, जन्माची नोंद २१ दिवसांत करायची आणि नाव पुढच्या १२ महिन्यांत फी न भरता घालता येतं, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. पण सीआरबीए आणि पासपोर्ट नावावरच निघतात, त्यामुळे कोऱ्या दाखल्यावर पुढे जाता येत नाही. नाव डिलिव्हरीच्या आधीच ठरवा, मुलगा झाला तर हे मुलगी झाली तर हे, आणि कुलदैवतावरून किंवा आत्याच्या आवडीचं दुसरं नाव बारशाला खुशाल ठेवा, कागदावर एकच जाऊ द्या.

आमची चूक वेगळी होती. फॉर्म माझ्या भावाने घाईत भरला, माझं नाव माहेरचं लिहिलं आणि नवऱ्याच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं. दाखला हातात आला तेव्हा सगळ्यांनी बाळाचंच नाव वाचलं, आमची कोणी वाचली नाहीत. दुरुस्तीला अर्ज, प्रतिज्ञापत्र, हॉस्पिटलचं पत्र, असे बरेच आठवडे गेले. म्हणून फॉर्म भरताना दोघांचे अमेरिकन पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर त्यावरून उतरवा, आठवणीतून लिहू नका.

मराठी घरात नावांचा गुंता जरा जास्तच असतो, कारण लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि काही घरांत तांदळात लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. वर नॅचरलायझेशनच्या, म्हणजे अमेरिकन सिटिझन होण्याच्या, वेळी नाव बदलायची सोय असते त्यामुळे कित्येकांनी तिथे मधलं नाव गाळलेलं असतं. मग डिग्रीवर एक, मॅरेज सर्टिफिकेटवर दुसरं, अमेरिकन पासपोर्टवर तिसरं. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे समोरच्या ऑफिसरला कागदावरूनच कळायला हवं, त्यामुळे नाव कधी कसं बदललं त्याचा कागद बरोबर ठेवा. मॅरेज सर्टिफिकेट रजिस्ट्रारकडचंच लागतं, कार्यालयाची पावती आणि लग्नाचा अल्बम चालत नाही. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असेल तर त्या घटस्फोटाची ऑर्डरही लागते, आणि हे सांगायला लोक कचरतात, पण लपवू नका, तिथे तो फक्त एक कागद असतो.

दिवसांचा हिशेब, जिथे सगळ्यात जास्त लोक चुकतात

आईबाबा दोघंही सिटिझन आणि लग्न झालेलं असेल तर सोपं आहे, दोघांपैकी एकजण बाळाच्या जन्माआधी कधीतरी अमेरिकेत राहिलेला असला की झालं. पण एकच जण सिटिझन असेल तर त्याने बाळाच्या जन्माआधी एकूण ५ वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेली असली पाहिजेत आणि त्यातली किमान २ वर्षं वयाच्या १४ नंतरची. हा नियम १४ नोव्हेंबर १९८६ पासून जन्मलेल्या मुलांना लागू आहे, म्हणजे आत्ताच्या सगळ्यांनाच. लग्न झालेलं नसेल तर नियम अजून वेगळे, आणि जुन्या लेखांमध्ये अविवाहित आईला एकच वर्ष पुरतं असं वाचाल ते १२ जून २०१७ पासून जन्मलेल्या मुलांसाठी खरं नाही, अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिलाही ५ आणि २ वर्षांचाच हिशेब द्यावा लागतो.

आता यातल्या चुका. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा एमएस करायला गेला, मग नोकरी, एचवनबी म्हणजे नोकरीचा व्हिसा, ग्रीनकार्ड, आणि अगदी अलीकडे सिटिझन झाला. ती भारतीय पासपोर्टवर. दोघं हवालदिल, की शपथ घेऊन दोनच वर्षं झालीत, पाच कुठून आणायची. तर दिवस मोजताना तुम्ही तेव्हा कोणत्या व्हिसावर होतात ते बघतच नाहीत, स्टुडंट म्हणून राहिलात ते दिवस धरतात, एचवनबीचे धरतात, ग्रीनकार्डचे धरतात. तुम्ही शरीराने तिथे होतात की नाही एवढंच. उलट बाजूने तेवढंच कडक, दर दिवाळीला महिनाभर घरी आलात, कंपनीने सहा महिने बाहेर पाठवलं, ते सगळं वजा. वर्षांच्या गोल आकड्यात हिशेब करू नका, पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा आणि कधी आत कधी बाहेर याची तारखांसकट यादी करा.

तारखेवरून आठवलं, आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन फॉर्मवर महिना आधी असतो. ५ जुलै आणि ७ मे यांची अदलाबदल यादीत एका ठिकाणी झाली तरी पुढचं काही जुळत नाही आणि चूक सापडतही नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच वाटतात.

पुरावा म्हणून सगळ्यात दणकट म्हणजे शाळाकॉलेजच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांच्या अधिकृत नोंदी, कारण त्यात सेमिस्टरवार तुम्ही तिथे होतात हे दिसतं. त्यानंतर पगाराचे कागद, डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा फॉर्म), डॉक्टरांचे रेकॉर्ड, जुने पासपोर्ट. नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा घराचं खरेदीखत यावर भरवसा ठेवू नका, घर तुमच्या नावावर असतं पण तुम्ही त्यात राहताय हे त्यातून कळत नाही. आणि जुने पासपोर्ट रद्द झाले म्हणून फेकून देणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं. ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, गरोदरपणातच मागवून ठेवा.

अजून एक प्रकार आपल्या लोकांत बराच आहे आणि त्यात फार मन मोडतं. वडील तिकडे नोकरीला असताना मुलगा अमेरिकेत जन्मला, तीनचार वर्षांचा असताना सगळं कुटुंब पुण्याला परत आलं, पुढचं सगळं इथेच, लग्न इथल्या मुलीशी. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, तो जन्माने सिटिझन आहे, पण त्याची ५ वर्षं भरत नाहीत आणि १४ नंतरची तर शून्य. त्याच्या बाळाला सीआरबीए मिळत नाही. पासपोर्ट असणं आणि तो हक्क पुढे देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी आजीआजोबांपैकी कोणी अमेरिकन सिटिझन असेल आणि त्यांची ५ आणि २ वर्षं भरत असतील तर एन-६००के नावाचा अर्ज आहे, त्यात मूल १८ चं व्हायच्या आत सगळं पूर्ण व्हावं लागतं आणि त्यासाठी त्याला कायदेशीरपणे अमेरिकेत न्यावं लागतं. आज्जीचे जुने कागद शोधायची वेळ इथे येते.

आणि बाळाच्या जन्माच्या दिवशी दोघंही ग्रीनकार्डवरच होते आणि शपथ नंतर झाली, तर सीआरबीएचा प्रश्नच नाही. ग्रीनकार्डवाल्या आईचं परदेशात जन्मलेलं बाळ, आई पहिल्यांदा परत जाताना बरोबर असेल आणि जन्माला २ वर्षं झाली नसतील, तर इमिग्रंट व्हिसाशिवाय नेता येतं, तो रस्ता वेगळा.

कॉन्सुलेटचा दिवस

महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये होतं. बाळाला घेऊनच जायचं असतं, कितीही लहान असो. सीआरबीए आणि पासपोर्ट हे दोन वेगळे अर्ज आहेत पण एकाच भेटीत होतात, दोन्ही एकदमच करा. सीआरबीएची फी १०० डॉलर, पासपोर्टची वेगळी. पासपोर्टचा फॉर्म डीएस-११ घरून सही करून आणू नका, सही ऑफिसरसमोरच करायची असते.

१६ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आईबाबा दोघंही हजर लागतात. आमच्यासारखा नवरा आधीच परत गेलेला असेल तर त्याच्याकडून डीएस-३०५३ हे संमतीपत्र नोटरी करून आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स लागते, आणि ते ९० दिवसच चालतं, त्यामुळे निघतानाच सही करून दिलेलं शिळं होऊ शकतं. ज्याच्यामुळे बाळाला सिटिझनशिप मिळतेय तोच हजर नसेल तर त्याचं डीएस-५५०७, म्हणजे आपण अमेरिकेत कधी आणि किती राहिलो ते लिहून देणारं प्रतिज्ञापत्र, हेही लागतं. हे आधी माहीत नसल्याने लोक एक अपॉइंटमेंट घालवतात.

फोटो २ बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी. छोट्या बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये, काजळ आणि तीट त्या दिवशी नको. हॉस्पिटलची फाइल, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्डही बरोबर ठेवा, विचारलं तर हाताशी असतात. कधीकधी डीएनए टेस्ट सुचवतात, तेव्हा घाबरून आपणहून जवळच्या लॅबमध्ये जाऊ नका, तो रिपोर्ट धरत नाहीत, ती ठरवून दिलेल्या पद्धतीनेच होते.

तिकीट आधी काढू नका

बाळाला टुरिस्ट व्हिसा काढून नेऊ, पासपोर्ट तिकडे गेल्यावर करू, असा सल्ला मला दोन जणांनी दिला होता. अमेरिकन नागरिकाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही, त्याने अमेरिकन पासपोर्टवरच आत जायचं असतं. आणि सीआरबीएचा अर्ज अमेरिकेबाहेरूनच करता येतो, तिथे पोचल्यावर नाही.

पासपोर्ट आला की झालं असंही नाही. आईबाबा दोघंही परदेशी नागरिक असतील तर इथे जन्मलेलं बाळ भारतीय नागरिक होत नाही, म्हणजे ते भारतात व्हिसाशिवाय असलेलं परदेशी मूल ठरतं. त्याला बाहेर पडायला ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं भारतीय सरकारी ऑफिस) पोर्टलवरून एक्झिट परमिट घ्यावं लागतं, नाहीतर एअरपोर्टवर इमिग्रेशनला अडवतात. दोघांपैकी एकजण भारतीय नागरिक असेल तर भारतीय कायद्याने बाळ जन्मतः भारतीयसुद्धा असतं आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अशा घरांनी कुठलाही पासपोर्ट काढायच्या आधी एफआरआरओकडे विचारून घ्या.

सीआरबीए हातात आल्यावर तिथल्या तिथे प्रत्येक स्पेलिंग आणि तारीख वाचा. सोशल सिक्युरिटी नंबर त्याच्याबरोबर आपोआप येत नाही, त्याला वेगळा अर्ज आहे आणि टॅक्स रिटर्नमध्ये बाळाचं नाव घालायला तो लागतो. पासपोर्ट ५ वर्षांनी संपतो, सीआरबीए कधीच संपत नाही, म्हणून ओरिजिनल लॅमिनेट न करता कोरड्या जागी ठेवा. हरवला तर डीएस-५५४२ भरून ५० डॉलरमध्ये दुसरी प्रत मिळते, पण पहिला अर्ज मात्र मूल १८ चं व्हायच्या आतच करावा लागतो. आमच्या लेकीचा कागद आता माझ्या आईच्या जुन्या साडीच्या बॉक्समध्ये, तिच्या बारशाच्या फोटोंखाली आहे.