लोको शेडभोवतीचा लेआउट: आधी कोन, मग करवत

माझ्या मॉडेल रेल्वेच्या शेडमध्ये पहिल्या खणात इंजिन सरळ गेलं. दुसऱ्या खणाच्या दारात त्याचा बफर चौकटीला अडकला. तिसऱ्या खणाचा रूळ तर थेट खांबावर जाऊन टेकत होता. तोवर सगळे रूळ चिकटवून झाले होते, खडीवरचा गोंद सुकला होता आणि टेबलाखाली वाकून वाकून सगळ्या वायरी सोल्डर करून झाल्या होत्या. त्या रात्री खोलीतला दिवा बंद करून मी बाहेर पडले ती तीन आठवडे परत आत गेले नाही.

लोको शेड, म्हणजे इंजिनं ठेवायची आणि तयार करायची जागा, मध्यभागी ठेवून लेआउट (टेबलावरची छोटी रेल्वे) बांधायचा असं ज्यांच्या मनात आलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. स्केल (किती पट लहान), गेज (दोन रुळांमधलं अंतर), डीसी (रुळातली वीज कमीजास्त करून इंजिन चालवणं) आणि डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा) यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. आकडे सगळे एचओचे, म्हणजे १:८७ चे आहेत. एन स्केलवाल्यांनी मापांना ०.५४ ने गुणावं. कोन मात्र स्केलप्रमाणे बदलत नाहीत, आणि माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

झालं असं. टर्नटेबल, म्हणजे इंजिन वळवणारा, गोल खड्ड्यात फिरणारा पूल, मी आधी घेतलं होतं. ३०० मिमी व्यासाचं, दर ७.५ अंशांवर थांबणारं. पंख्याच्या आकाराच्या शेडचा किट नंतर घेतला. खोक्यावरचं चित्र सुंदर होतं, सहा खण होते, आणि स्केल जुळतंय एवढं पाहून मी समाधानी झाले. त्या किटचे खण १० अंशांवर आखलेले आहेत हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलं होतं. मी ते वाचलं नाही. शेड नाजूक, म्हणून ती सगळ्यात शेवटी जोडायची असंही ठरवलं होतं. त्यामुळे रूळ टर्नटेबलच्या कोनाने पुढे गेले आणि दारापाशी आणून सोडले गेले. शेड बसवायला गेले तेव्हा काय झालं ते वर सांगितलंच.

हा हिशोब एकदा शांतपणे करून बघा. टर्नटेबलच्या मध्यापासून रूळ पंख्याच्या काड्यांसारखे पसरतात. जेवढं दूर जाल तेवढं दोन रुळांमधलं अंतर वाढतं. हे अंतर म्हणजे मध्यापासूनची लांबी गुणिले कोन, आणि कोन रेडियनमध्ये. ७.५ अंश म्हणजे ०.१३१, १० अंश म्हणजे ०.१७५, १५ अंश म्हणजे ०.२६२. एवढे तीन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा.

आता दाराचं बघू. साधारण ३ मीटर रुंदीचं इंजिन एचओत साडेचौतीस मिमी होतं. दार ४५ मिमी आणि मधला खांब १५ मिमी धरला, तर दाराशी दोन रुळांच्या मध्यांत ६० मिमी अंतर हवं. १० अंशांच्या शेडमध्ये ते मध्यापासून ३४४ मिमीवर मिळतं. ७.५ अंशांवर तेच अंतर मिळायला ४५८ मिमी जावं लागतं. शेड आणि टर्नटेबलचे कोन वेगळे असले, तर दर खणामागे २.५ अंशांची चूक साठत जाते. ३४४ मिमीवर ती चूक १५ मिमी होते. दोन खणांनंतर ३० मिमी. ६० मिमीच्या निम्मे ३०, म्हणजे तिसरा रूळ बरोब्बर खांबाच्या पायाशी. माझं नशीब वाईट नव्हतं, गणित अचूक होतं.

मग मी ते केलं जे सगळे करतात. लवचीक रूळ थोडेथोडे वाकवून दाराकडे वळवले. हे करू नका. टर्नटेबलच्या काठाशी आणि दाराशी रूळ सरळच हवा. काठाशी वळण असलं, तर इंजिन पुलावरून उतरताना पुढची चाकं सरळ जाऊ बघतात आणि रुळावरून घसरतात. दाराशी वळण असलं, तर लांब इंजिनाचं टोक बाहेर झुकतं आणि चौकट घासतं. दोन्ही टोकं सरळ ठेवून मधल्या वीस सेंटिमीटरमध्ये दोन उलटसुलट वळणं बसवायची, म्हणजे त्यांची त्रिज्या इतकी लहान होते की चार जोड चाकांचं इंजिन तिथे अडकून बसतं. मी आठ दिवस त्यात घालवले.

कोनाचा परिणाम दारापुरताच नाही, सगळ्या टेबलावर होतो. माझं सगळ्यात लांब इंजिन २५३ मिमी, म्हणजे पुढेमागे माणसाला फिरायला जागा सोडून खण ३०० मिमी लांब हवा. ७.५ अंशांवर शेडची मागची भिंत मध्यापासून ७५८ मिमीवर येते. टर्नटेबलची दुसरी बाजू १५० मिमी धरली की झाले ९०८. माझं टेबल ८० सेंटिमीटर खोल होतं, आणि ते मी सगळ्यात आधी कापलं होतं. मग १५ अंश घेऊ म्हणाल, तर दार २२९ मिमीवरच येतं आणि सगळं ६७९ मिमीत बसतं. पण मग मागच्या भिंतीशी एकेक खण १३८ मिमी रुंद होतो, आणि शेड इंजिनांच्या घराऐवजी गोदाम दिसायला लागते. उलट कोन फार लहान घेतला, तर खड्ड्याच्या काठाशीच गर्दी होते. ७.५ अंशांवर काठाशी दोन रुळांच्या मध्यांत जेमतेम साडेएकोणीस मिमी उरतात. रूळ कसेबसे मावतात, पण ३० मिमी लांबीचे स्लीपर एकमेकांवर चढतात. काठापासून साधारण ८ सेंटिमीटरपर्यंत त्यांची टोकं कापावीच लागतात. ६ अंशांवर तर शेजारचे रूळच एकमेकांना छेदतात आणि तिथे फ्रॉग (दोन रूळ छेदतात तिथला तुकडा) बनवावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

खऱ्या रेल्वेनेही हेच गणित सोडवलं आहे. इंग्लंडमधल्या डर्बीच्या १८३९ सालच्या राउंडहाउसमध्ये, म्हणजे गोल शेडमध्ये, टर्नटेबल इमारतीच्या आतच आहे आणि भोवती १६ रूळ, म्हणजे प्रत्येकी २२.५ अंश. छप्पर सगळ्यांवर एकच, त्यामुळे दर रुळाला वेगळं दार आणि खांब लागत नाही. जपानमधल्या क्योतोच्या उमेकोजी शेडमध्ये, जी १९१४ सालची, टर्नटेबल बाहेर उघड्यावर आहे आणि २० खणांचा पंखा त्याच्यापासून चांगला लांब उभा आहे. फोटो बघताना आपण इंजिनं बघतो. पुढच्या वेळी टर्नटेबल आणि दार यांच्यामधली मोकळी जमीन बघा. ती जागा शोभेसाठी सोडलेली नाही.

म्हणून माझा एकच आग्रह: पूर्ण मापाचा कागद. संगणकावरचा आराखडा चांगला, पण तो पूर्ण आकारात छापून जमिनीवर पसरला पाहिजे. मध्याला टाचणी, तिला दोरा, आणि १ मीटर त्रिज्येचा कंस. त्या कंसावर सरळ रेषेत १३१ मिमी मोजून खुणा करत गेलात की ७.५ अंश मिळतात. १० अंशांसाठी १७४ मिमी. कंपासपेटीतला कोनमापक वापरू नका. अर्ध्या अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही आणि दाराशी ४ मिमी होऊन समोर येते. मग पुठ्ठ्याचे खांब उभे करा, इंजिन हाताने सरकवून बघा. दोन संध्याकाळी लागतात. माझे सात महिने गेले.

मार्गदर्शकांबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत. एका अनुभवी माणसाने मला सुरुवातीला सांगितलं होतं, ‘आधी रूळ टाक, बाकीचं जमत जातं.’ ते साध्या गोल मार्गाला लागू पडतं, शेडला नाही. दुसऱ्या एका काकांकडे नंतर गेले. त्यांनी माझे फोटो बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, ‘कोन किती?’ मग त्यांनी एक खोकं उघडून आपले फसलेले तुकडे माझ्यापुढे मांडले, प्रत्येकावर पेन्सिलीने काय चुकलं ते लिहिलेलं. नुसता पूर्ण झालेला लेआउट दाखवणाऱ्यापेक्षा असं खोकं दाखवणारा शिक्षक शोधा. आणि दुसऱ्याचा आराखडा फोटोवरून उचलू नका. फोटोत माप नसतं.

टर्नटेबल केवढं घ्यायचं? पुलावर इंजिन आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) यांची पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी चाकं मावली पाहिजेत. टोकं थोडी बाहेर लोंबली तरी चालतं. १९४१ साली बिग बॉय हे अमेरिकेतलं प्रचंड वाफेचं इंजिन आलं तेव्हा त्याच्यासाठी १३५ फुटी टर्नटेबलं बसवावी लागली. एचओत ते ४७३ मिमी होतं. ते इंजिन आवडत असेल तर वरचं सगळं गणित त्या मापाने पुन्हा करा, आणि मग शांतपणे दुसरं इंजिन निवडा.

विजेचं लोक उगाच भय घालतात. मुद्दा एवढाच की पूल १८० अंश फिरला की डावा रूळ उजवा होतो आणि पुढच्या रुळाशी शॉर्ट होतो. डीसीसीत आपोआप ध्रुव बदलणारं मॉड्यूल लावा, डीसीत दोन ध्रुवांचा उलटसुलट करणारा स्विच. खड्ड्याखाली पुलाला वीज देणारी, दोन तुकड्यांत कापलेली कडी वापरणार असाल, तर तिच्या फटी अशा दिशेला ठेवा जिथे एकही रूळ नाही. डीसीत प्रत्येक खणाला स्वतंत्र स्विच हवाच, नाहीतर एक इंजिन हलवताना सगळीच हलतात. मी डीसीसीतही लावले आहेत, शॉर्ट कुठे आहे ते मिनिटात कळतं. शेडमध्ये इंजिनं फार हळू चालतात, म्हणून रुळावरची धूळ इथे सगळ्यात आधी नडते. प्लास्टिकच्या फ्रॉगवर लहान इंजिन हमखास थांबतं. पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) घेताना फ्रॉगमध्ये वीज खेळणारेच घ्या.

पुलाचा रूळ आणि काठाचा रूळ एका उंचीत आहेत का ते नखाने बघा. नख अडकलं तर चाकही अडकणार. राखेचा आणि तपासणीचा खड्डा टेबल रचतानाच सोडा. १ मीटर खोल खड्डा साडेअकरा मिमी होतो, म्हणजे १२ मिमी प्लायवूडची जवळजवळ सगळी जाडी. नंतर तो कोरता येत नाही. मी कोरून बघितला आहे.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. शेड म्हणजे इंजिनं मांडायचं कपाट नव्हे. कामावरून आलेलं वाफेचं इंजिन आधी कोळसा घेतं, मग आग साफ करून राख पाडतं, धूरपेटी रिकामी करतं, पाणी भरतं, वाळू भरतं, वळतं, आणि मग खणात जातं. हा क्रम शेडनुसार थोडा बदलतो, पण क्रम असतो. त्या क्रमानेच रूळ टाका. कोळशाच्या ठाण्याआधी दोन इंजिनं रांगेत उभी राहतील एवढी लांबी ठेवा. येणारी वाट आणि बाहेर पडणारी वाट वेगळी ठेवा, नाहीतर राख पाडणाऱ्या इंजिनामागे सगळी शेड अडकते. कोळशाच्या भरलेल्या वाघिणी आत येतात, राखेच्या बाहेर जातात, त्यांनाही एक रूळ लागतो. तो मात्र अगदी सपाट हवा. वर्म गिअरमुळे (यात मोटर चाकं फिरवते, चाकं मोटर फिरवू शकत नाहीत) मॉडेल इंजिनं उतारावर घरंगळत नाहीत, वाघिणी घरंगळतात. हे सगळं जमलं की मुख्य मार्गावर एकही गाडी न धावता संध्याकाळ भरून जाते. पाच मिनिटं पाण्याखाली उभं राहिलेलं इंजिन बघताना मला जे वाटतं ते गोल फिरणारी गाडी बघताना कधीच वाटलं नाही.

डिझेलची शेड करणार असाल तर टर्नटेबलची गरज बहुधा पडत नाही, पण पॉइंट जागा खातात. १:६ च्या पॉइंटवर शेजारचा रूळ ६० मिमी बाजूला जायला ३६० मिमी लांबी जाते. चार रुळांची शिडी, म्हणजे एकामागोमाग पॉइंटची रांग, काढायच्या आधी हेही कागदावर काढा.

रंगकाम तुम्हाला जमेल. सगळं काळं करू नका, एवढंच. राखेजवळ करडं, पाण्याच्या खांबाखाली गंजाचा ओघळ, दारावरच्या भिंतीला काजळी.

आणि ज्यांचे रूळ आधीच चिकटून बसले आहेत आणि आज कोन चुकल्याचं लक्षात आलं आहे, त्यांनी तीन आठवडे दार लावून बसू नये. खडीला पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद वापरला असेल, तर तो परत सुटतो. आधी वीज बंद करा, मग वायरी कापा. कोमट पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण टाकून फवारा, अर्धा तास जाऊ द्या, मग रुळाखालून पातळ पसरट सुरी हळूहळू सरकवत न्या. ओढू नका, ओढलं की स्लीपरचे खिळे तुटतात. पाणी प्लायवूडमध्ये मुरायच्या आत टिपून घ्या. माझे काही तुकडे वाकले, बरेचसे नीट निघाले. ते धुऊन, वाळवून, टोकं कापून मी ठेवून दिले. आताचं टेबल १ मीटर खोल आहे, दोन्ही बाजूंनी हात पोचेल असं चाकांवर उभं आहे, शेड पुठ्ठ्याची आणि ७.५ अंशांची आहे, आणि तिच्या पहिल्या चार खणांत तेच जुने रूळ आहेत.