डीएच ८८ कॉमेटचं १:८ मॉडेल: सगळी मेख पंखाच्या टोकाशी

ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्डेनहॉलहून मेलबर्नपर्यंतची मॅकरॉबर्टसन विमानशर्यत ‘ग्रोव्हनर हाउस’ नावाच्या लाल रंगाच्या, दोन इंजिनांच्या डीएच ८८ कॉमेट विमानाने ७१ तासांच्या आत जिंकली. वैमानिक होते स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक. डी हॅविलंडने कॉमेट एकूण पाचच बांधली. रेडिओवर उडणारं मॉडेल करणाऱ्याला भुरळ पडते ती तिच्या पातळ, निमुळत्या पंखाची, आणि मॉडेल आपटतं तेही बहुधा त्या पंखामुळेच. टोकाची रुंदी कमी असल्याने वेग उतरला की आधी टोकच उचल सोडतं, विमान एका कुशीवर पडतं आणि जमीन जवळ असेल तर सावरायला जागा उरत नाही.

मूळ विमानाचा पंखविस्तार १३.४१ मीटर, लांबी ८.८४ मीटर. १:८ प्रमाणात ते १६७६ आणि ११०५ मिलिमीटर होतं, पंखाचं क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस डेसिमीटर. उड्डाणाचं वजन २.२ किलोच्या आत ठेवा. तेवढ्या वजनाला स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख उचल सोडतो) ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास येतो, २.८ किलो झालं तर ४२. रंगाचा एक जादा हात, जड चाकं, गरजेपेक्षा जाड प्लाय, अशानेच वजन नकळत वाढतं.

पंखाला वॉशआउट द्यायचाच: टोकाशी पंखाची पुढची कड मुळाच्या मानाने अडीच ते तीन अंश खाली झुकलेली हवी. टोकाची रिब (पंखाची फासळी) १०० मिमी असेल तर तिच्या मागच्या कडेखाली साडेचार ते पाच मिमीची पट्टी घाला. ही पट्टी नॅसेलच्या (पंखावरच्या इंजिनाच्या कवचाच्या) बाहेरच्या रिबपाशी शून्यापासून सुरू होऊन टोकाकडे सरळ चढत गेली पाहिजे. खालची-वरची दीड मिमी बाल्सा शीट पंख बोर्डावर पिनांनी घट्ट असतानाच चिकटवा आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत उचलू नका. दोन्ही बाजू शीट झाल्या की पीळ कायमचा बसतो, चुकीचा असेल तर तोही. डाव्या-उजव्या टोकात अर्ध्या अंशाहून जास्त फरक आला तर तो पंख बाजूला ठेवून नवा करावा. ट्रिमने, म्हणजे रेडिओवरच्या बारीक दुरुस्तीने, तो फक्त एकाच वेगाला झाकला जातो. टोकाकडची पुढची कड गोलसर ठेवा. स्केलच्या हट्टापायी ती धारदार केली तर वॉशआउटचा निम्मा फायदा गेला.

गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी कॉर्डच्या (पुढून मागपर्यंतच्या रुंदीच्या) पुढच्या कडेपासून २५ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. मोजायचा तो चाकं आत घेऊन, कारण कॉमेटची चाकं मागे दुमडून नॅसेलमध्ये जातात आणि वजन मागे सरकतं. मूळ विमानात वैमानिकांच्या पुढे, नाकात, पेट्रोलच्या टाक्या होत्या. तिथेच आपली ४ सेलची ४००० एमएएच बॅटरी बसते, शिसं भरावं लागत नाही. शेपटी मात्र हलकी हवी.

मोटरी दोन, प्रत्येकी ३५० वॉटच्या, ९×६ इंची पंख्यासाठी ९०० ते १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे). ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे नियंत्रक) ४० अँपिअरचे. ईएससी नॅसेलमध्ये ठेवून बॅटरीच्या तारा लांबवल्या तर ईएससी जळण्याचा धोका असतो. त्यापेक्षा ईएससी धडात ठेवून मोटरकडच्या तीन तारा लांब करा. दोन्ही ईएससीच्या लाल सर्वो तारा काढून रिसीव्हरला वीज पुरवायला वेगळा ५ अँपिअरचा बीईसी द्या. थ्रॉटल दोघांचं एकत्र कॅलिब्रेट करा. कमी व्होल्टेजला मोटर थेट बंद करणारी सेटिंग नको, नाहीतर एक मोटर आधी थांबते. त्याऐवजी टायमर लावा, पहिल्यांदा चार मिनिटांचा.

एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्या) वर १२ मिमी, खाली ६. उलट केलंत, म्हणजे खाली जास्त, तर वळणात खाली गेलेलं एलेरॉनच टोकाला स्टॉल करवतं. एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) दोन्हीकडे १० मिमी, ३० टक्के एक्स्पो (मधल्या भागात काडीचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग). रडर (शेपटीचं उभं सुकाणू) भरपूर, २५ मिमी.

शेपटीचाकाचं विमान आहे, त्यामुळे धावताना तोंड फिरवू पाहतं. चाकं एखाद अंश आत वळवलेली असावीत. थ्रॉटल चार-पाच सेकंदांत हळूहळू द्या, शेपटी आपोआप उचलू द्या, रडरने सरळ धरा. जमिनीवरून ओढून उचलू नका. उडाल्यावर चढ उथळ ठेवा.

पहिल्याच उड्डाणात निदान १०० मीटर उंचीवर थ्रॉटल कमी करून स्टॉल करून बघा, फ्लॅप (उतरताना पंखाखाली सोडायच्या पट्ट्या) वर आणि फ्लॅप खाली असं दोनदा. कुठल्या बाजूला पडतं आणि सावरायला किती उंची लागते ते तिथेच कळतं. एक मोटर बंद पडली तर दुसरीचंही थ्रॉटल लगेच उतरवा, नाक खाली घ्या आणि समोर जिथे जागा असेल तिथे उतरवा. वळून धावपट्टी गाठायचा मोह टाळा. (शर्यतीत मॉलिसन दांपत्याच्या ‘ब्लॅक मॅजिक’ कॉमेटने जबलपूरला विमानाचं नसलेलं पेट्रोल भरलं, इंजिनं खराब झाली आणि अलाहाबादला शर्यत संपली. बॅटरी जुनी झाली असेल तर हे आठवावं.)

उतरताना फ्लॅप ३० अंश, थोडं थ्रॉटल चालूच, आणि चाकं टेकेपर्यंत वेग सोडायचा नाही. तीन चाकांवर एकदम टेकवायचा प्रयत्न नको. पुढची दोन आधी, शेपटी मागून येईल.